दसऱ्याचा हार घातलेलं मशीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात तुमच्या पेपरात लेप्टोच्या तापाची बातमी येते, साचलेल्या पाण्यातून चालू नका, पायाला जखम असेल तर लगेच डॉक्टरकडे जा वगैरे, आणि ते बरोबरच आहे, २६ जुलै २००५ नंतर काय झालं ते आम्ही बघितलंय. पण तो जंतू त्या पाण्यात येतो कुठून, तर उंदीर, कुत्री, गुरंढोरं यांच्या मुतातून. माणसाला होणाऱ्या संसर्गजन्य रोगांपैकी साधारण ६० टक्के जनावरांशी जोडलेले आहेत असं शास्त्रज्ञ सांगतात. मग जनावरांच्या बाजूने संशोधन करणाऱ्या लॅबची अवस्था काय आहे यावर कोणीच कसं लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी डॉक्टर नाही, व्हेट तर नाहीच. २९ वर्षं लॅबच्या मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर होतो, आता रिटायर होऊन ऐरोलीत असतो. राज्यात आणि राज्याबाहेर बऱ्याच लॅबमध्ये गुडघे टेकून मशीनच्या मागे बसलोय, त्यामुळे काय दिसतं ते मला माहितीये.

एकच किस्सा सांगतो. आपल्या इथलं नाही, लांबचं एक व्हेटर्नरी कॉलेज, नाव घेत नाही. कॉल आला की फ्लो सायटोमीटर चालू होत नाहीये. आता हे मशीन म्हणजे काय, तर रक्तातल्या नाहीतर गाठीतल्या पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकामागोमाग एक लेझरसमोरून सोडायच्या, टोलनाक्यावरच्या लेनमधून गाड्या जायच्या ना तशा, आणि प्रत्येक पेशी कुठल्या जातीची ते मशीन मोजतं, सेकंदाला हजारो. तर मी गेलो, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर कुंकवाचं स्वस्तिक आणि खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार, पार वाळून कोळसा झालेला. मी गेलो तेव्हा होळी होऊन गेली होती. म्हणजे दसऱ्यापासून कव्हर कोणी उचललंच नव्हतं! आत बघतो तर नळ्यांमध्ये मिठाचे खडे. ह्या मशीनमध्ये खारं पाणी फिरतं, रोज काम झालं की ब्लीच आणि मग साधं पाणी फिरवून लाईन धुवायची असते, पंधरा मिनिटांचं काम. ते करणारा मुलगा प्रोजेक्टवर होता, प्रोजेक्ट संपला, तो गेला, आणि जाताना लाईन धुवायला कोणी सांगितलं नाही. त्याच बिल्डिंगमध्ये तीन डिपार्टमेंटची तीन सारखीच पीसीआर मशीन होती, दोन कपाटात, तिसऱ्याची चावी सुट्टीवर गेलेल्या सरांकडे.

यात कोणी वाईट माणूस नाहीये हे मला मुद्दाम सांगायचंय, पैसा येतोच तसा. ग्रँट मंजूर होते त्यात मशीन घ्यायला पैसे असतात, मार्च एंडच्या आत संपवायचे असतात, म्हणून मशीन घेतलं जातं. पण त्याचा मेंटेनन्स काँट्रॅक्ट, जो दरवर्षी साधारण मशीनच्या किमतीच्या पाच-दहा टक्के जातो, तो कुठून द्यायचा? वॉरंटी संपायच्या सुमारास प्रोजेक्टही संपतो. मग जे प्रोफेसर धावपळ करून मशीन आणतात त्यांना ते आपल्या लेकरासारखं वाटतं, दुसऱ्याने हात लावला आणि बिघडलं तर रिपेअरचे पैसे कोण देणार, म्हणून कुलूप. बरं, ही मशीनं वापरली की टिकतात आणि कुलपात ठेवली की मरतात, आणि आपल्या हवेत तर विचारूच नका, पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी चढते, सिलिका जेल बदलायलासुद्धा माणूस लागतो.

यावरचा उपाय काही मी शोधलेला नाही. जगभरातल्या मोठ्या व्हेटर्नरी कॉलेजांत कोअर लॅब असते. म्हणजे महागडी मशीनं कुठल्या एका डिपार्टमेंटची नाहीत, सगळ्यांची, एका जागी, त्यावर पगारी ऑपरेटर कायमचा, कॅलेंडरवर स्लॉट बुक करायचा, तासाप्रमाणे फी भरायची, घरच्या विद्यार्थ्यांना कमी, बाहेरच्या सरकारी संस्थेला थोडी जास्त, प्रायव्हेट कंपनीला पूर्ण, आणि त्या फीतून मेंटेनन्सचा निदान काही भाग तरी निघतो. आपल्याकडेही हे आहे. पवईला आयआयटीत केंद्र सरकारच्या योजनेतलं मशीनचं सेंटर सत्तरच्या दशकापासून आहे, बाहेरचे लोक तिथे सॅम्पल देतात. खारघरला टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये फ्लो सायटोमेट्री, मायक्रोस्कोप, अ‍ॅनिमल हाऊस हे सगळं कॉमन फॅसिलिटी म्हणूनच ठेवलंय. कुठलं मशीन कुठे आहे ते सांगणारं केंद्राचं आय-स्टेम पोर्टल आहे, २०२२ मध्ये सामायिक मशीनबद्दलच्या गाईडलाईन्सही आल्यात, त्यांचं नावच 'श्रीमान'. नाव श्रीमंत आहे, पण ऑपरेटरची पोस्ट गाईडलाईनमधून निघत नाही, ती सरकारनेच मंजूर करावी लागते.

आता तुम्ही म्हणाल माणसांच्या संस्थांमध्ये मशीनं आहेत तर व्हेटला वेगळं कशाला. मलाही आधी तसंच वाटायचं, आमच्या सोसायटीतली एक मुलगी भेटेपर्यंत. ती बाहेरगावी एमव्हीएससी, म्हणजे व्हेटच्या डिग्रीनंतरचं शिक्षण, करते, विषय कुत्र्यांचा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. कुत्र्याला हा आपोआप होतो, लॅबमध्ये उंदराला करावा लागतो तसा नाही, आपल्याच घरात राहून, आपलीच हवा खाऊन होतो, आणि औषधंही जवळपास माणसाचीच चालतात, त्यातलं व्हिन्क्रिस्टिन तर आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून निघतं. म्हणून कुत्र्यावर जे कळतं ते माणसाच्याही कामाला येतं. पण गाठ बी पेशींची की टी पेशींची (पांढऱ्या पेशींच्या ह्या दोन जाती) हे कळलं पाहिजे, कारण टी वाल्या कुत्र्यांचं सहसा लवकर आटपतं. त्यासाठी जबड्याखालच्या गाठीत सुई घालून दोन थेंब काढायचे, बर्फाच्या पॅकवर ठेवायचे, गोठवायचे नाहीत, आणि त्याच दिवशी नाहीतर फारतर दुसऱ्या दिवशी मशीनवर लावायचे, नंतर पेशी मरतात. पेशीची जात मशीनला कळावी म्हणून तिला आधी चमकणाऱ्या रंगाची अँटीबॉडी चिकटवावी लागते, आणि माणसाच्या मशीनवर माणसासाठीच्या अँटीबॉडीज, त्यातल्या बऱ्याचशा कुत्र्याच्या पेशीला चिकटतच नाहीत! कुत्र्याची अँटीबॉडी वेगळी मागवावी लागते, एका बाटलीत शंभर टेस्ट, हिला लागणार बारा, बाकीच्या फ्रीजमध्ये एक्स्पायर. चार कॉलेजांच्या चार पोरी असं करत असतील तर चार बाटल्या फुकट. कोअर लॅब असती तर एका बाटलीत चौघींचं भागलं असतं. मे महिन्यात ती थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आमच्या कट्ट्यावर बसली होती, म्हणाली काका, कॉलेजचं मशीन बंद आहे, प्रायव्हेट लॅब कुत्र्याचं घेत नाही, आता हे टाकूनच द्यायचं ना. काय सांगणार मी तिला?

माझं म्हणणं एवढंच की मुंबई-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यासाठी अशी कोअर लॅब परळच्या मुंबई व्हेटर्नरी कॉलेजात उभी करावी. १८८६ चं कॉलेज आहे, जनावरांचं हॉस्पिटल तिथेच, चालत जाण्याच्या अंतरावर केईएम, टाटा, हाफकिन. माणसाचा डॉक्टर आणि जनावराचा डॉक्टर एकाच मशीनसमोर बसतील अशी दुसरी जागा आपल्याकडे मला तरी माहीत नाही. ठाणे-वाशीच्या प्रायव्हेट व्हेटनाही तिथे स्लॉट मिळाला पाहिजे, कारण केसेस त्यांच्याकडे येतात.

सगळंच कॉमन करा असंही मी म्हणत नाहीये. छोटं पीसीआर, सेंट्रिफ्यूज हे प्रत्येक मजल्यावर असू दे, त्यासाठी रांग लावायला लावली तर पोरं कामच करणार नाहीत. आणि धोकादायक जंतूंचं सॅम्पल अशा उघड्या लॅबमध्ये आणायचंच नाही, २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या शहापूरला वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला तसल्या सॅम्पलसाठी भोपाळची हाय सिक्युरिटी लॅब आहे, ते तिकडेच जायला हवं. पण फ्लो सायटोमीटर, चांगला फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप (चमकणारे रंग दाखवणारा), डीएनए वाचणारा सिक्वेन्सर, उणे ८० अंशांचे फ्रीजर, एवढं तरी एका छताखाली आणा. फ्रीजरचं तर मला फार वाईट वाटतं, हवेची जाळी धुळीने बंद झालेली असते, कॉम्प्रेसर मे महिन्यात धापा टाकत असतो आणि आत कोणाच्या तरी पाच वर्षांच्या मेहनतीचे सॅम्पल. जाळी काढून नळाखाली धुवायला दहा मिनिटं लागतात हो, पण ती कोणाची ड्युटी ते कागदावर कुठेच नसतं.

म्हणून पशुसंवर्धन खात्याला आणि विद्यापीठाला सांगणं आहे, पुढचं मशीन घ्यायच्या आधी दोन ऑपरेटरच्या कायम पोस्ट भरा आणि पाच वर्षांचा मेंटेनन्स टेंडरमध्येच धरा, भले एक मशीन कमी घ्या.

आणि शिकवायला माणूस नाही असं कोणी म्हणत असेल तर मी आहे. ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलून परळ सव्वा तास, महिन्यातले दोन शनिवार येईन, लाईन कशी धुवायची, लेझर कसा तपासायचा, जाळी कधी काढायची हे पोरांना दाखवीन. मानधन नको, माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे.

आपला,
एक रिटायर्ड सर्व्हिस इंजिनिअर
ऐरोली, नवी मुंबई