‘क्वेंच’ म्हणजे नुसते ‘तहान भागवणे’ नव्हे

माननीय संपादक,

इंग्रजीच्या शब्दयाद्यांत ‘क्वेंच’ या क्रियापदापुढे ‘तहान भागवणे’ एवढाच अर्थ छापलेला असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. तहान या क्रियापदातच आली असे समजून विद्यार्थी ‘आय क्वेंच्ड विथ वॉटर’ लिहितात, नाहीतर ‘आय क्वेंच्ड वॉटर’. दोन्ही चूक. ‘क्वेंच’चा मूळ अर्थ विझवणे, शमवणे. काय शमवले ते कर्म म्हणून सांगावेच लागते: ‘आय क्वेंच्ड माय थर्स्ट विथ वॉटर’. कर्ता माणूस चालतो तसे पेयही चालते: ‘वॉटर क्वेंचेस थर्स्ट’. भूतकाळी रूपाचा शेवट ‘ट’सारखा उच्चारावा, ‘क्वेंचेड’ असा नव्हे.

भुकेला मात्र हे क्रियापद लावू नये. तिथे ‘सॅटिस्फाय’ बरे. आग विझवण्यासाठी ‘क्वेंच’ चालते, पण आज ते जरा ग्रांथिक वाटते, बोलताना ‘पुट आउट’च म्हणतात. लोहारकामात हाच शब्द तांत्रिक होतो: लालभडक पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून झटकन थंड करणे. त्याने ते कठीण होते, पण ठिसूळही होते, म्हणून पुन्हा बेताने तापवावे लागते.

‘स्लेक’ हा त्याचा जवळचा सोबती. तहान, कुतूहल यांना तो लागतो. कळीचा चुना पाण्याने विरवण्यालाही.

रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषक यांपैकी काहीच फारसे वापरत नाहीत. ‘आय नीड अ ड्रिंक ऑफ वॉटर’ म्हणतात. शब्दयादी करणाऱ्यांनी अर्थापुढे एक पूर्ण वाक्य छापावे, ही विनंती.

आपले,
इंग्रजीचे काही शिक्षक