‘बाई, मग सूर्य का नाही लुकलुकत?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहावीतल्या नातवाला चाचणीत प्रश्न आला होता, ‘तारे का लुकलुकतात?’ त्याने ‘हवेमुळे’ असे लिहिले आणि गुण गेला. गाइडातले उत्तर आहे, ‘तारे स्वयंप्रकाशी असतात म्हणून’. मी स्वतः तीस वर्षे शिक्षिका होते आणि सुरुवातीला हेच वाक्य फळ्यावर लिहून देत असे. एकदा एका मुलीने विचारले, ‘बाई, मग सूर्य का नाही लुकलुकत?’ मी तिला खाली बसवले.

आकाशातली वस्तू किती रुंद दिसते ते कोनाच्या अंशांत मोजतात. एका अंशाचे ३६०० भाग केले की एका भागाला विकला म्हणतात. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत ठळक तारा, पण त्याची रुंदी विकलेच्या शंभराव्या भागाएवढीही भरत नाही. त्याचा प्रकाश एखाद्या बारीक धाग्यासारखा येतो. वातावरणात गार आणि गरम हवा सतत घुसळत असते, ती हा धागा इकडेतिकडे वाकवते. घटकेत प्रकाश डोळ्यांत जास्त पडतो, घटकेत कमी. गुरू मात्र पृथ्वीजवळ असताना साधारण ४५ विकला रुंद दिसतो. त्याच्या तबकडीच्या एका भागाचा प्रकाश कमी पडला तरी दुसऱ्या भागाचा भर घालतो. सूर्य तर अर्धा अंश रुंद! उलट यवतेश्वरच्या घाटातून रात्री पाहा, साताऱ्याच्या रस्त्यांवरचे दिवेही लुकलुकतात. तेल संपत आले की पणती मिणमिणते, तो पणतीचा दोष. लुकलुकणे निराळे, ते वाटेत घडते.

परवा नऊच्या सुमारास गच्चीवर गेलो तर पूर्वेला व्याध नुकताच वर आला होता. लाल, हिरवा, निळा असा नुसता भडका. शेजारचे काका म्हणाले, ‘ड्रोन असणार.’ क्षितिजाजवळचा प्रकाश जास्त हवेतून येतो आणि हवा प्रत्येक रंगाला थोडी वेगळी वाकवते, म्हणून हे रंग. नातवाच्या हाती जुनी दुर्बीण दिली आणि ती डोळ्यांपुढे हलकेच गोल फिरवायला सांगितली. तशी फिरवली की ताऱ्याची रेघ उमटते. व्याधाची रेघ रंगीत मण्यांसारखी तुटक उमटली. मग गुरूकडे वळवली, ती सलग. ‘आजी, याची माळ तुटतच नाही,’ तो म्हणाला. काकांनीही दोनदा पाहून घेतले, पण ड्रोनचा मुद्दा सोडला नाही.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत हे एकदा छापावे, ही विनंती. नातवाचा गुण आता मिळणार नाही. पण त्या मुलीचे उत्तर माझ्याकडून राहिले आहे. आता ती चाळिशीची असेल, कदाचित आपले वृत्तपत्र वाचत असेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा