पाडव्याआधी फेडायची बाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुकाराम बीज झाली, नाथषष्ठीही झाली. आता फाल्गुन सरेल आणि दारोदारी गुढी उभी राहील. मार्चअखेरीमुळे बँका, कचेऱ्या हिशेब मिटवायच्या घाईत आहेत. आमच्यासारख्या हरिनाम सप्ताह भरवणाऱ्या गावांकडेही एक जुनी बाकी आहे, आळंदीची.

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली पाडव्यालाच आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. पुण्याच्या तालमीत घुमलेला हा ब्रह्मचारी माणूस १९२० साली गेलाही. संस्थेने मात्र शंभरी केव्हाच ओलांडली. शिक्षण चार वर्षांचे, फी नाही. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी मधुकरीवर दिवस काढले. दारात आलेल्या परगावच्या पोराच्या झोळीत भाकरी घालणाऱ्या आळंदीच्या बायाबापड्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. आभार मानायचे तर आधी त्यांचे.

त्या भाकरीचे पुढे काय झाले, ते आमच्या गंगाखेड भागात येऊन पाहावे. सप्ताह रात्रीच्या कीर्तनकारावर चालतो असे शहरी माणसाला वाटते. पहाटे काकड्याला चाल धरणारा, दिवसभर पारायणाचे व्यासपीठ सांभाळणारा, संध्याकाळी हरिपाठात लहान पोरांच्या पायात पावली बसवणारा कोण असतो? आळंदीहून शिकून आलेला गावातलाच कोणीतरी. एरवी तो शेती करतो. कोणाच्या घरी दहावा असला की प्रवचनाला हाच, एकादशीच्या जागराला हाच. त्याचा फोटो बॅनरवर नसतो.

बॅनरवर असतात त्यांच्या तारखा वर्ष-वर्ष आधी धराव्या लागतात आणि मानधनाचा आकडा ऐकून कमिटीला घाम फुटतो. कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, कपाळी बुकासुद्धा लावून घेऊ नये, इतके कडक तुकोबांनी सांगून ठेवले आहे. मी एवढा कडक नाही. गाडीभाडे द्यावे, मृदंगवाल्याला, गायकांना पोटापुरते द्यावे. पण फुकट मिळालेल्या विद्येचा भाव फोनवर ठरू लागला की ऐकवत नाही. यात महाराजांपेक्षा दोष आम्हा गावकऱ्यांचा जास्त. शेजारच्या गावाने यूट्यूबवर गाजलेले महाराज आणले, की आपल्यालाही तेच हवेत. आणि चार वर्षे आळंदीत घासून आलेला घरचा पोरगा मागे टाळकऱ्यांत उभा!

जाता जाता पालकांसाठी एक. आळंदीत आता वारकरी शिक्षणाच्या नावाने खासगी वसतिगृहे पुष्कळ झाली आहेत आणि काहींतल्या गैरप्रकारांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. मूल ठेवण्याआधी स्वतः जाऊन, राहून, तिथल्या मुलांशी बोलून खात्री करावी. नाव आळंदीचे आहे म्हणून डोळे झाकू नयेत.

आमच्या कमिटीने यंदा मंडप आणि बॅनरचा खर्च आखडला आहे. सप्ताहाच्या शेवटी होणारे काल्याचे कीर्तन गावचाच मुलगा करील. त्याने मानधनाला आधीच नकार दिला आहे. वाचलेल्या पैशात थोडी भर घालून ज्वारी घेतली, ती आळंदीला मुलांच्या जेवणासाठी पाठवतो आहोत. खळी नुकतीच उरकली आहेत, घरोघरी धान्य आहे. टेम्पोत अजून जागा शिल्लक आहे. आसपासच्या गावांनी दोन-चार पोती आणून टाकली तर बरे होईल.

आपला,
एक वारकरी वाचक
ता. गंगाखेड, जि. परभणी