थेट मेंदूत उपचार, पण निदान वेळेवर हवे

महोदय,

रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडथळ्यामुळे बहुतेक औषधे मेंदूच्या पेशींपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणूनच ‘एएडीसी’ या विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात अभावामुळे ज्यांच्या मेंदूत हालचालींसाठी लागणारे ‘डोपामाइन’ हे रसायन जवळजवळ तयारच होत नाही, अशा बालकांसाठी तैवानमधील डॉक्टरांनी २०१० पासून विषाणूच्या निर्धोक केलेल्या कवचातून निरोगी जनुक थेट मेंदूतील ‘पुटामेन’ या भागात सोडण्याचा मार्ग धरला. कवटीला बारीक छिद्रे पाडून, चार ठिकाणी, प्रत्येकी जेमतेम ०.०८ मिलिलिटर द्रव सुमारे अर्ध्या तासात सोडला जातो. मानही न धरणारी काही मुले त्यानंतर बसू लागली, काही आधाराने चालू लागली. हे यश मला फार मोलाचे वाटते. युरोपने २०२२ मध्ये व अमेरिकेने २०२४ मध्ये या उपचाराला मान्यता दिली.

डोळे वर फिरण्याचे झटके आणि लुळे अंग पाहून अशा बालकांचे निदान अनेकदा अपस्मार किंवा सेरेब्रल पाल्सी असे होते. वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरून होणारी प्राथमिक चाचणी आपल्या जिल्हा रुग्णालयांतून, मुंबईच्या केईएमसारख्या दुर्मीळ आजारांच्या केंद्रांशी जोडून, उपलब्ध व्हावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे