फोन हा पाइप की रिमोट? त्या दोन पानी टिपणासाठी आभार

ताई, सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर बिनतारी कसा न्यावा आणि तो गेला नाही तर काय तपासावं, याबद्दल तुम्ही लिहून दिलेलं दोन पानी टिपण आज आमच्यापैकी प्रत्येकाच्या पिशवीत असतं. लोकांचे टीव्ही आणि फोन जुळवून देणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. नुसतं 'धन्यवाद' म्हणून विषय संपवणं तुमच्या स्वभावाला रुचणार नाही, म्हणून टिपणातलं काय काय उपयोगी पडतं ते नेमकेपणाने लिहितो. एका ठिकाणी तुमच्याशी मतभेदही आहे, तो लपवत नाही.

सर्वांत मोठे आभार पहिल्याच ओळीचे. 'व्हिडिओ फोनमधून टीव्हीत जातोय, की टीव्ही तो स्वतः आणतोय, हे आधी ठरवा.' या एका प्रश्नाने निम्म्या तक्रारींचा गुंता सुटतो. यूट्यूबमधलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, 'हा अमुक व्हिडिओ, इथून सुरू कर.' पुढचं सगळं टीव्ही किंवा त्याला लावलेलं छोटं यंत्र, म्हणजे डोंगल, थेट इंटरनेटवरून उतरवून घेतं. फोन तिथे रिमोट असतो. मिररिंगमध्ये मात्र फोनचा अख्खा पडदा क्षणोक्षणी चित्रित होऊन, दाबून लहान करून हवेतून पाठवला जातो. तिथे फोन पाइप असतो.

ओळखायची तुमची युक्ती तर बिनतोड. व्हिडिओ सुरू झाला की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. काही फोन त्या मोडमध्येही वायफाय चालू ठेवतात, म्हणून तेही हाताने बंद करायचं. टीव्हीवरचं चित्र पुढे चालत राहिलं, तर टीव्ही स्वतः आणतोय. थांबलं, तर फोन वाहून नेतोय. पहिल्या प्रकारात चित्र अडखळत असेल, तर फोन टीव्हीजवळ नेऊन, फोनची बॅटरी भरून किंवा फोनवर स्पीड टेस्ट करून काही हाती लागत नाही. वेग मोजायचा तो टीव्हीवर. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट सुचवतं. टीव्हीच्या जागी एवढं पोचत नसेल, तर दोष वाटेत आहे. फोन निर्दोष.

फोनवरून टीव्हीवर पाठवायच्या पद्धतींच्या नावांच्या गोंधळावर तुम्ही तीनच ओळी खर्च केल्यात आणि तेवढ्या पुरतात. डीएलएनए २००३ पासूनचं, एअरप्ले २०१० चं, मिराकास्ट २०१२ चं, आणि गूगल कास्ट २०१३ मध्ये क्रोमकास्ट या गूगलच्या डोंगलबरोबर आलं. मिराकास्टला, म्हणजे मिररिंगच्या पद्धतीला, मात्र जितक्या कंपन्या तितकी नावं. कुठे स्मार्ट व्ह्यू, कुठे स्क्रीन शेअर, कुठे वायरलेस डिस्प्ले. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही आणि पिक्सेल फोनमध्येही नाही. ही ओळ तुम्ही दोनदा अधोरेखित का केलीत ते आता कळतं. नसलेला पर्याय सेटिंगमध्ये शोधण्यात माणसाची संध्याकाळ जाते.

'कास्टचं चिन्हच दिसत नाही' या तक्रारीवर तुम्ही जवळजवळ पूर्ण पान दिलंय. ते योग्यच. फोन टीव्हीला शोधतो म्हणजे घरच्या नेटवर्कवर हाळी देतो, 'कास्ट घेणारं कुणी आहे का?' ही हाळी २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, आणि ती त्याच नेटवर्कपुरती असते. राउटर ती बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे इंटरनेट झकास चाललंय, फोनवर व्हिडिओ धावतोय, तरी टीव्ही दिसत नाही, यात विसंगती काहीच नसते. हाळी ऐकू गेली नाही, एवढाच अर्थ.

ती का ऐकू जात नाही, याची कारणं तुम्ही ज्या क्रमाने दिलीत त्याच क्रमाने आम्ही तपासतो. आधी फोन मोबाइल डेटावर आहे का ते बघायचं, कारण वायफाय कमजोर झालं की काही फोन न विचारता डेटावर उडी मारतात. मग व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी ये-जा दूरच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय. ते चालू असताना फोन मनाने दुसऱ्याच नेटवर्कात असतो. त्यानंतर अ‍ॅपची परवानगी. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी मागितली जाते. पहिल्यांदा घाईत 'नको' दाबलेलं असतं आणि मग ते कुणाच्या लक्षात राहत नाही. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क, आणि तिथे त्या अ‍ॅपसमोरचं बटण चालू. अँड्रॉइड १३ पासून वायफायवरच्या यंत्रांसाठीही 'निअरबाय डिव्हाइसेस' नावाची परवानगी आहे, तीही बघून घ्यावी.

हे सगळं ठीक असूनही चिन्ह नसेल, तर तुमची आयपीची, म्हणजे नेटवर्कने प्रत्येक यंत्राला दिलेल्या आकडी पत्त्याची, युक्ती. टीव्हीचा आणि फोनचा आयपी पत्ता शेजारीशेजारी लिहायचा. घरच्या साध्या राउटरवर पहिले तीन आकडे जुळायला हवेत. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.०, म्हणजे घरात एक सोडून दोन नेटवर्क आहेत. बहुतेक वेळा इंटरनेटवाल्याने बसवलेलं यंत्र स्वतःही वायफाय देत असतं आणि त्याला जोडलेला घरचा राउटरही देतो. टीव्ही एकाला चिकटलेला, फोन दुसऱ्याला. दोघांना एकाच नावाच्या वायफायवर आणलं की काम झालं. कायमचा उपाय म्हणजे दुसरा राउटर ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकणं, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवत नाही.

पत्ते जुळतात, तरी टीव्ही दिसत नाही? मग राउटरमधलं 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' बघायचं; ते चालू असलं की एकाच वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट नेटवर्कवर ते सहसा चालूच असतं आणि असायलाच हवं, कारण पाहुण्याचा फोन घरातल्या यंत्रांना दिसू नये हाच त्याचा हेतू. टीव्ही गेस्ट नेटवर्कवर ठेवून कास्टची अपेक्षा करणं म्हणजे दाराला आतून कडी लावून पाहुण्याची वाट बघणं. वेगळ्या नेटवर्कवरूनही चालणारी एक पळवाट तुम्ही समासात लिहिलीत: टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'लिंक विथ टीव्ही कोड', तिथला आकडा फोनच्या यूट्यूबमध्ये टाकायचा. हे जोडणं इंटरनेटवरून होतं, हाळीची गरज पडत नाही. ती समासातली ओळ खरं तर ठळक हवी होती.

आता मतभेद. तुम्ही लिहिलंत, 'काही सुचत नसेल तर आधी राउटर बंद-चालू करा.' आम्ही क्रम उलटा केलाय: आधी टीव्ही. कारण रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद होत नाही, तो झोपतो आणि अडकलेली कास्ट सेवा तशीच अडकलेली राहते. प्लग भिंतीतून काढून मिनिटभर थांबायचं, मग लावायचं. राउटरला हात लावला की घरातली बाकी सगळी माणसं इंटरनेट गेलं म्हणून ओरडतात, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा त्यात नसतंच. टीव्हीची तारीख आणि वेळ बघण्याची तुमची सूचना मात्र जशीच्या तशी ठेवलीय. घड्याळ चुकलेलं असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं, म्हणजे ठरावीक मुदतीची डिजिटल ओळखपत्रं, टीव्हीला अवैध वाटतात आणि एकामागून एक अ‍ॅप रुसतात.

प्रमाणपत्रांवरून आठवलं. 'फॅक्टरी रीसेट हा उपाय नाही, ती पाटी पुसणं आहे' हे तुमचं वाक्य २०२५ च्या मार्चमध्ये अक्षरशः खरं ठरलं. क्रोमकास्टच्या दुसऱ्या पिढीतल्या डोंगलचं आत बसवलेलं एक प्रमाणपत्र दहा वर्षांची मुदत संपून बाद झालं आणि जगभरची ती डोंगलं एकदम कास्ट घेईनाशी झाली. दुरुस्ती आपोआप उतरली. ज्यांनी काही न करता वाट पाहिली त्यांची डोंगलं चालू झाली. ज्यांनी घाईने रीसेट केलं ते नव्याने जोडण्याच्या पायरीवरच अडकले. रीसेट अगदी शेवटी, आणि सगळीकडे एकदमच बोंब उठली असेल तर मुळीच नाही.

मिररिंगबद्दल तुम्ही थोडक्यात आटोपलंत, पण त्यातली एक गोष्ट लाखमोलाची. मिराकास्टला राउटर लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. पण फोन त्याच वेळी राउटरलाही जोडलेला असेल आणि राउटर वेगळ्या चॅनेलवर असेल, तर एकच रेडिओ दोन ठिकाणी ये-जा करतो आणि चित्र धक्के खातं. फोनमध्येच असलेली फाइल मिरर करायची असेल तर वायफाय चालू ठेवून राउटरची जोडणी तेवढी सोडायची. ऑनलाइन व्हिडिओ असेल तर मिररिंगच्या वाटेला न जाता कास्ट करायचं. आणि मिरर केल्यावर आवाज येतो, बटणं दिसतात, पण चित्राच्या जागी काळं, असं झालं तर ते बिघाड नव्हे. ओटीटी अ‍ॅपने मजकुराच्या संरक्षणासाठी पडद्याचं चित्रण मुद्दाम अडवलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीवरचं तेच अ‍ॅप, किंवा अ‍ॅपमध्ये असेल तर त्याचं स्वतःचं कास्ट चिन्ह. मिररिंग करताना आलेले निरोपही सगळ्यांना मोठ्या अक्षरांत वाचायला मिळतात, म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' आधी लावावं.

डोंगलबद्दलच्या दोन ओळी: वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, सोबतचा अ‍ॅडॉप्टर वापरा. आणि सोबत आखूड एचडीएमआय जोडणी मिळाली असेल तर ती फेकू नका, कारण टीव्हीच्या पत्र्याला चिकटलेल्या डोंगलला वायफाय नीट लागत नाही. दोन्ही बरोबर, जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

फोनने स्वतः काढलेल्या व्हिडिओंचं प्रकरण मात्र आमच्याकडे सर्वांत जास्त येतं. लोक म्हणतात, ऑनलाइन फोर-के छान चालतं आणि घरचाच व्हिडिओ अडकतो, हे कसं? तुमचं गणित दाखवलं की शंका मिटते. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: फोर-के, सेकंदाला ३० फ्रेम, हाय एफिशियन्सी, तर मिनिटाला सुमारे १७० एमबी. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २३ मेगाबिट, ऑनलाइन फोर-केला सुचवलेल्या आकड्याच्या दीडपट. शिवाय फाइल फोनमध्ये असल्याने ती हवेतून दोनदा जाते, फोन ते राउटर आणि राउटर ते टीव्ही. दोन्ही फेऱ्या २.४ गिगाहर्ट्झवर असतील तर त्या एकाच अरुंद बोळातून होतात. टीव्हीला लॅन केबल लावली की एक फेरी तिथेच वाचते. केबल शक्य नसेल तर निदान फोन तरी ५ गिगाहर्ट्झवर न्यावा.

अशा वेळी फोन पाइप असतो, म्हणून त्याला झोपू द्यायचं नाही. पडदा विझल्यावर काही मिनिटांनी चित्र थांबत असेल, तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करायचं. टीव्ही फाइल घेतच नसेल, तर तिचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, बघायचा. जुन्या टीव्हींना एचईव्हीसी (आयफोनची 'हाय एफिशियन्सी') उलगडता येत नाही. आयफोनवर कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये निघतात, पण आधीचे तसेच राहतात. चित्र येतं आणि आवाज गायब, हे एमकेव्ही फाइलमध्ये डीटीएस किंवा एसी-३ पद्धतीचा आवाज असल्याचं लक्षण. व्हीएलसी या प्लेअर अ‍ॅपला २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून क्रोमकास्टवर पाठवता येतं आणि न चालणारा भाग ते वाटेतच बदलून देतं. ते काम फोनच्या प्रोसेसरवर पडतं, फोन तापतो, म्हणून तो उशीखाली ठेवू नये.

टिपणाच्या मागची बाजू कोरी आहे. तिथे आम्ही मराठी सबटायटलचा एक कोपरा भरलाय, तो तुम्ही तपासून द्यावा अशी विनंती. अक्षरांऐवजी परक्या चिन्हांची खिचडी दिसली, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, नाही. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्या एन्कोडिंगमध्ये जतन करायची. खिचडी न दिसता चौकोन दिसले, तर टीव्हीत देवनागरी फाँट नाही. आणि अक्षरं ओळखू येतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून पडतात, तर फाँट आहे, पण अक्षरांची जुळणी करणारा भाग अपुरा आहे. शेवटच्या दोन्हींत फाइल सुधारून काही होत नाही. व्हिडिओचं रूपांतर करताना 'बर्न इन' निवडून सबटायटल चित्रातच उमटवून घ्यायचं. कास्टला सबटायटल सहसा वेबव्हीटीटी स्वरूपात लागतं आणि नेहमीची एसआरटी सबटायटल फाइल काही अ‍ॅप आपोआप बदलून देतात, काही मुकाट्याने गाळतात. म्हणून सबटायटल मुळीच दिसत नसेल तर आधी अ‍ॅप बदलून बघावं, असं आम्ही लिहिलंय. हा क्रम बरोबर आहे का, तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा.

तुमचं टिपण खिशात घेऊन हिंडणारे,
आम्ही सगळे