सोलापूरच्या सिस्टर, तुम्हाला

सिस्टर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. ऑक्टोबर 1993 मध्ये सोलापूरच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात तुम्ही रात्रपाळीला होता, एवढ्याच ओळखीवर हे पत्र लिहितोय. मी सास्तूरकडचा, पाय मोडलेला मुलगा.

30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आमच्याकडे भूकंपाने काय झालं, ते महाराष्ट्राला पाठ आहे. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद, त्यावर दरसाल चढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर. ऐन उन्हाळ्यात त्या घरांत किती गार वाटायचं! त्याच ओझ्याखाली लातूर-उस्मानाबादची सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यात माझे आईवडील आणि धाकटी बहीण.

तुम्ही आधी माझे कान साफ केलेत. कोमट पाण्यात कापूस बुडवून कानातली, नाकातली, पापण्यांमधली माती काढत बसलात. मधेच विचारलंत, "बाळा, घरी तुला काय म्हणतात?" शाळेतलं नाव नंतर. मग वडिलांचं, आजोबांचं, आडनाव, गाव, गल्ली. केसपेपरवर तोवर नुसतं 'अनोळखी मुलगा' होतं. ते खोडून तुम्ही सगळं लिहिलंत, आणि ड्यूटी संपल्यावर तो कागद घेऊन बायकांच्या वॉर्डांत एकेका खाटेपाशी विचारत फिरलात. तिथे माझी आत्या सापडली. पुढे तिनेच मला वाढवलं.

मदत तेव्हा खूप आली. भर पावसात ढिगारे उपसणाऱ्या जवानांचे उपकार तर फिटायचे नाहीत. पण वॉर्डात बघेही यायचे. हातात बिस्किटाचा पुडा ठेवून विचारायचे, "तुझं कोण कोण गेलं रे?" तुम्ही त्यांना दाराशीच अडवलंत. "लेकरू झोपलंय," म्हणालात. मी जागा होतो. माझ्या बाजूने कुणीतरी उभं आहे, असं त्या पहाटेनंतर पहिल्यांदा वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. 52 गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, घरं पक्की झाली, पण शेजार लांब गेला. जुन्या गल्लीत कालवणाची वाटी या ओट्यावरून त्या ओट्यावर जायची, ते थांबलं. काही घरं नंतर दारूने पाडली. "लातूरकर सावरले" असं कुणी कौतुकाने म्हणालं की मला ती घरं आठवतात. तरी 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आमच्याच भागातल्या बायका तिकडे गेल्या. भाषा येत नसताना तिथल्या बायकांपाशी जाऊन बसल्या, पुन्हा घर कसं उभं करायचं ते आपल्या अनुभवाने सांगितलं. आत्यालाही जायचं होतं, पण तिचे गुडघे साथ देईनात.

ती तुम्हाला अजून 'कागदवाली बाई' म्हणते. तुम्ही आता निवृत्त झाला असाल. हे पत्र तुमच्यापर्यंत किंवा तुमच्या बरोबरीच्या कुणापर्यंत पोचलं, तर कृपा करून कळवा. आत्या थकलीय, पण तिला तुमची खणानारळाने ओटी भरायची आहे. तुम्हाला प्रवास झेपत नसेल तर मी तिला घेऊन सोलापूरला येईन.

मनापासून आभार, सिस्टर.

तुमचा पेशंट