चित्र परतले, आवाजही परतावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत आणि जपान यांच्या कलावंतांनी मिळून घडवलेला ॲनिमेशनपट २४ जानेवारी २०२५ रोजी देशभरातील चित्रगृहांत झळकला. १९९३ च्या जानेवारीत नवी दिल्लीतील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट त्या वेळच्या तणावाच्या वातावरणात आपल्याकडे सर्वदूर प्रदर्शित होऊ शकला नाही. तो लोकांपर्यंत पोहोचला तो दूरचित्रवाणीमुळे. कार्टून नेटवर्क आणि पोगो या वाहिन्यांवर, विशेषतः दसरा-दिवाळीच्या सुट्टीत, तो पुनःपुन्हा लागत असे आणि केबलची जोडणी ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे गल्लीतली मुले जमत असत. ज्यांचे राम-रावण युद्ध अशा रीतीने पाहून झाले त्या पिढीने आता आपल्या मुलांचा हात धरून चित्रगृह गाठले, यात नवल नाही. मीही त्यांपैकीच एक. या पुनरागमनाचा मनापासून आनंद झाला असला, तरी त्यात राहून गेलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

हा चित्रपट कसा तयार झाला, हे नव्या प्रेक्षकांना ठाऊक असायला हवे. जपानी दिग्दर्शक युगो साको हे १९८३ मध्ये उत्तर प्रदेशातील पुरातत्त्वीय उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले होते. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या त्या कामाच्या निमित्ताने त्यांची रामकथेशी ओळख झाली आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी जपानी भाषेत उपलब्ध असलेली रामायणे वाचून काढली. राम हा ईश्वर असल्याने त्याची भूमिका एखाद्या नटाने करण्यापेक्षा त्याला चित्रातून साकारणे अधिक योग्य, अशी त्यांची धारणा होती. परक्या माणसाने आपल्या महाकाव्याला हात घालू नये, असा आक्षेप त्या वेळी आपल्याच देशातून घेतला गेला, भारत सरकारचा अपेक्षित सहभागही मिळाला नाही आणि अखेरीस बहुतांश काम जपानमध्येच करावे लागले. साको यांनी तरीही जिद्द सोडली नाही.

या कामात सहदिग्दर्शक म्हणून कोइची सासाकी यांच्याबरोबर त्यांना साथ दिली राम मोहन यांनी, आणि ते नाव आपण महाराष्ट्रात तरी विसरता कामा नये. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५० च्या दशकात त्यांनी कामाला सुरुवात केली आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक अशीच त्यांची ओळख झाली. जपानी चित्रकार रेषेत पारंगत होते. पण धोतर कसे नेसतात, त्याचा सोगा चालताना कसा हलतो, थोरांपुढे वाकून नमस्कार कसा करतात आणि आशीर्वादाचा हात डोक्यावर कसा ठेवतात, हे त्यांना दाखवावे लागले. ते दाखवले राम मोहन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी. चित्रपट पाहताना यातले काहीच उपरे वाटत नाही, ते या कष्टांमुळे. सुमारे साडेचारशे कलावंत आणि हाताने काढून रंगवलेली जवळजवळ एक लाख चित्रे, असा या निर्मितीचा पसारा होता. पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर आकृती रेखायची, तिच्या मागच्या बाजूने रंग भरायचा, तो ताव रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एक चौकट चित्रित करायची आणि मग पुढच्या तावाकडे वळायचे. संगणकाने हे काम आता हलके केले आहे. त्या काळी मात्र पडद्यावरच्या एका निमिषामागे कुणाचा तरी पुरता दिवस खर्ची पडत असे.

मोठ्या पडद्यावर, स्वच्छ केलेल्या फोर-के प्रतीत, हे सारे प्रथमच धड दिसते. घरातल्या लहान पडद्यावर अरण्य म्हणजे हिरव्या रंगाचा एक पट्टा वाटत असे. चित्रगृहात त्यातली झाडे एकामागे एक उभी राहिलेली दिसतात. कुंभकर्ण उठून उभा राहतो, तेव्हा मान वर करून पाहण्याची वेळ येते. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची पाच-सहा वर्षांची मुलगी त्या क्षणी पाय वर घेऊन बसली आणि तो पडेपर्यंत तिने ते खाली सोडले नाहीत. मूळ चित्रांना हात न लावता त्यांचे तेज परत आणणाऱ्या तंत्रज्ञांचे त्यासाठी आभारच मानायला हवेत.

परंतु चित्र परतले असताना आवाज परतले नाहीत. दूरचित्रवाणीवर आम्ही जी हिंदी आवृत्ती पाहिली, तिच्यात रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता, तर निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे होते. अमरीश पुरी यांचा तो खर्ज नुसता कानावर पडला, तरी लंकेचा दरबार डोळ्यांपुढे उभा राहत असे, आणि रावण दुष्ट असूनही क्षुद्र वाटत नसे, ही किमया निम्मी चित्राची आणि निम्मी त्या आवाजाची होती. आता चित्रगृहांत इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत नव्याने ध्वनिमुद्रण करून तो दाखवला गेला. नव्या कलाकारांनी मेहनत घेतली आहे आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण ज्या चित्रपटाची ओढ आठवणीमुळे आहे, त्याची जुनी ध्वनिपट्टी निदान एखाद्या खेळाला, किंवा पुढे घरी पाहण्यासाठी पर्याय म्हणून, उपलब्ध करून देणे अशक्य नव्हते. जुना ध्वनी आजच्या यंत्रणेला साजेसा नसेल, तर चित्राप्रमाणे त्याचीही डागडुजी करता येते. अमरीश पुरी आज हयात नाहीत. त्यांचे हे काम चित्रगृहातल्या ध्वनियंत्रणेवर ऐकण्याची संधी पुन्हा केव्हा येणार?

याहून मोठी उणीव मराठीची आहे. तमिळ आणि तेलुगू मुलांना हा चित्रपट त्यांच्या भाषेत ऐकता आला, मराठी मुलांना नाही. या चित्रपटातील मूळ संस्कृत गीते वसंत देव यांनी लिहिली आणि संगीत वनराज भाटिया यांचे आहे. म्हणजे त्याच्या घडणीत मुंबईचा आणि एका मराठी लेखणीचा वाटा आहेच. एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून घरोघर पोहोचलेल्या ‘गीतरामायणा’पर्यंत रामकथा मराठीत सतत सांगितली गेली आहे, त्यामुळे संवादांसाठी शब्द शोधत बसावे लागेल, अशी ही भाषा नव्हे. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, तेव्हा वेगळ्या आवृत्तीची गरज नाही, असा युक्तिवाद वितरक नेहमी करतात. प्रौढांच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे. मात्र गावाकडच्या पहिली-दुसरीतल्या मुलाला त्या संस्कृतप्रचुर हिंदीतले निम्मे शब्द कळत नाहीत, हे मी त्याच खेळात पाहिले. मागच्या रांगेतली एक आजी नातवाला प्रत्येक प्रसंगाचा अर्थ हळू आवाजात सांगत होती. मुलांच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवर आज कितीतरी परदेशी कार्टून मराठीत ऐकायला मिळतात. त्यांना परवडते ते या चित्रपटाला परवडू नये, असे वाटत नाही. भाषांतरित चित्रपटांमुळे मराठी चित्रपटांचे नुकसान होते, ही भीती मी समजू शकतो. पण ज्याच्याशी स्पर्धा करील असा मराठी ॲनिमेशनपट चित्रगृहांत जवळपास नसतोच.

खेळांच्या वेळांबद्दलही थोडे लिहितो. आमच्या शहरातील एका चित्रगृहाने पहिल्या आठवड्यानंतर या चित्रपटाला केवळ रात्रीचा खेळ ठेवला. दोन तासांहून मोठा, लहान मुलांसाठीचा चित्रपट शाळेच्या आदल्या रात्री कोणते पालक दाखवतील? गर्दी नाही म्हणून वेळ बदलली, आणि वेळ बदलली म्हणून गर्दी झाली नाही, असे हे दुष्टचक्र होते. शनिवार-रविवारचा सकाळचा एक खेळ कमी दरात ठेवला असता, तर शाळांनीही मुले आणली असती.

युगो साको २०१२ मध्ये आणि राम मोहन २०१९ मध्ये गेले. आपल्या चित्रपटाचे हे स्वागत दोघांनाही पाहता आले नाही. वितरकांना माझी विनंती आहे की, उन्हाळ्याच्या सुट्टीत हा चित्रपट मराठीत ध्वनिमुद्रित करून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या चित्रगृहांत सकाळच्या वेळी लावावा आणि जुनी हिंदी ध्वनिपट्टी वेगळा पर्याय म्हणून द्यावी. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने मराठी आवृत्तीच्या खर्चाचा काही भार उचलला, तर हे काम याच वर्षी होऊ शकेल.

आपला,
एक वाचक, सांगली